सुपांची पाठवणी

समस्त रसिक मायबापहो, शांतता राखावी ही नम्र विनंती. ज्यांचे मोबाईल चालू असतील त्यांनी ते बंद करावेत, ज्यांच्या मांडीवर रडकी मुले असतील त्यांनी ती शेजाऱ्याच्या मांडीवर द्यावीत. एक अत्यंत गंभीर स्वरूपाचे निवेदन करण्यात येत आहे. रत्नागिरी शहरात, आमच्या राहत्या घराच्या मागच्या पडवीत, कोकणातल्या समस्त हस्तकलेचा उद्धार करण्यासाठी स्थापन झालेली आमची जगद्विख्यात संस्था मूठ-मूठ तांदळापायी निवर्तली आहे. संस्थेच्या पश्चात दोन संस्थापक, एक वजनकाटा, चिकटपट्टीची रिळे आणि ‘हस्तनिर्मित’ असा एक रबरी शिक्का एवढा परिवार आहे. सांत्वनाला येणाऱ्यांनी येताना चहापावडर आणावी. आमची संपली आहे.

दोन संस्थापकांपैकी एक मी, दुसरी माझी बायको. मी सरकारी खात्यात कारकुनी केली आणि उरलेला वेळ हौशी नाटकांत घालवला. राज्य नाट्यस्पर्धेत दुसऱ्या अंकात मरणारी बहुतेक सगळी माणसं मी केली आहेत. मरण्यात माझा हात धरणारा रत्नागिरीत कोणी नाही. बायको शाळेत चित्रकला शिकवायची. तिला माणसं मरताना बघायला आवडत नाहीत, म्हणून ती माझ्या नाटकांना येत नसे.

हे सगळं सुरू झालं तिच्यामुळे. ती पुण्याला भाचीकडे गेली होती, तिथे एका गुळगुळीत दुकानात तिला बांबूचं सूप दिसलं. आपलं साधं, भात पाखडायचं सूप. त्याच्यावर पिवळा दिवा सोडला होता आणि खाली काच होती. तिने दुकानदाराला विचारलं, हे कोणी बनवलं? तो म्हणाला, आमचा सप्लायर आहे. तिने विचारलं, त्या सप्लायरला कोणी बनवून दिलं? तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला घ्यायचंय का? ती घरी आली ती तो प्रश्न घेऊनच. पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात आमटीला फोडणी बसताना सुद्धा रास्त व्यापार हाच विषय होता. कारागिराला कामाचा योग्य मोबदला, तोही आगाऊ. मध्ये दलाल नाही. माणुसकीची वागणूक. वस्तूवर करणाऱ्याचं नाव. मी म्हटलं, हे एवढं सगळं करून वर आपण जेवायचं काय? ती म्हणाली, तुझी पेन्शन.

तेव्हा आम्ही निघालो कारागीर शोधायला. लांज्याच्या पुढे हमरस्ता सोडून आत गेलं की सडा लागतो, म्हणजे उघडा कातळ, काळा-तांबडा, जांभ्याचा, पावसाळ्यात हिरवा आणि बाकी वर्षभर तव्यासारखा. त्या सड्याच्या उतरणीला एक छोटी वाडी आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बांबूकाम करत आल्या. त्यांच्यातली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत फटकळ आणि वाडीतल्या भांडणांची कायमची न्यायाधीश अशी एक बाई. आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो. पहिल्या दिवशी बायकोने अंगणात बसून वाडीतल्या सगळ्या बायकांना रास्त भाव, रास्त व्यवहार असं घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. दुसऱ्या खेपेला गेलो तर मावशी पिशवी आणि रेशनकार्ड घेऊन तयार.

“तांदूळ कधी येनार वो?” तिने विचारलं.

“कसला तांदूळ?”

“रास्त भावाचा दुकान काडताव ना तुमी?”

मी इतका हसलो की ओट्यावरून घसरलो. मावशी हसली नाही. रेशनकार्ड पदराखाली घालत म्हणाली, “मंग आमचा येवडा येळ कशाला खाल्लाव?”

तिचा एकेकाळचा धंदा मोठा होता. आंब्याच्या दिवसांत बागायतदारांना करंड्या लागायच्या, आता पुठ्ठ्याचे खोके आले. नाटे बंदरातल्या कोळणींना टोपल्या लागायच्या, त्यांच्याकडे आता निळे प्लास्टिकचे क्रेट आहेत. घरोघरी पाखडायला सुपं लागायची, आता तांदूळच निवडून पिशवीत येतो. उरल्या होत्या फक्त गौरी. आमच्याकडे नव्या नवरीची पहिली गौर आली की ओवसा असतो. तांदूळ, नारळ, काकडी, पाच भाज्या, फुलं असं सुपं भरून ती गौरीपुढे ओवसते आणि मग ती भरली सुपं सासरच्या वडीलधाऱ्या माणसांना देते. त्याला प्लास्टिक चालत नाही. चालायला लागेपर्यंत आमचं पोट हाय, असं मावशी म्हणायची.

मावशीची नजर कमी झाली होती. सुपाचा पसारा, म्हणजे मधलं विणकाम, तिला आणि वाडीतल्या बाकी बायकांना डोळे मिटून जमायचं; पण काठ बांधायचं काम नजरेचं आणि बोटांच्या जोराचं. काठ नसेल तर ते सूप नव्हे, चटई. आणि तो काठ बांधणारी अख्ख्या वाडीत एकच उरली होती, मावशीची सून.

सून राजापूरकडची. उंच, सावळी, बोलायची कमी, आणि बोललीच तर सासूच्या बोलण्याला विरामचिन्ह दिल्यासारखी. पायाच्या अंगठ्यात सूप धरून, दातांत बांबूची पातळ पाती धरून ती काठ ओवायची, तेव्हा मावशी शेजारी बसून तिला शिव्या घालायची. घट्ट नको करू गो, तुटल. सैल कशाला सोडतंस, सासू मेली काय तुजी? सून दातांतली पाती न काढता मान हलवायची. माझं मत विचाराल तर त्या दोघींसारखी जोडी रंगभूमीवर मी पाहिली नाही. एकीला सगळे संवाद, दुसरीला सगळं काम.

आता खरी गोष्ट. सुनेचा नवरा, मावशीचा मुलगा, मुंबईला एका कंपनीत गोदामावर आहे. शिमग्याला आला की त्याचं एकच पालुपद, बायकोला आणि मुलीला घेऊन जायचं. त्या शिमग्याला आम्ही तिथेच होतो. ग्रामदेवतेची पालखी घरी येऊन गेली होती, अंगणात गुलाल पडला होता, आणि तो आम्हाला पंच केल्यासारखा समोर बसवून बोलत होता.

“दादा, पोरीला शाळेत घालायची हाय. हितली शाळा पोरं नाय म्हणून बंद पडनार. आन मी तिकडं हाटेलातला जेवतो रोज.”

“जेव की मंग,” मावशी म्हणाली. “बापूस तुजा जलमभर माज्या हातचा जेवला नि जलमभर नावंच ठेवलान.”

“आये, तुला कळत नाय.”

“मला कळता. ही गेली तर काठ कोन बांधनार? तू?”

मग सून बोलली, आणि ती बोलतेय म्हटल्यावर सगळ्यांनी माना वळवल्या. “एक वरीस बघूया,” ती माझ्या बायकोकडे बघत म्हणाली. “वहिनी परदेशचं काम आनतायत. त्ये लागला, चालू ऱ्हायला, तर मी हितंच ऱ्हाते. पोरीला लांज्याच्या शाळेत रिक्षानं पाठवीन. नाय लागला तर पुढच्या शिमग्याला येते तुमच्यासंगती.”

तो कबूल झाला. मुंबईची माणसं वर्षाची मुदत सहज देतात, त्यांना गावचं वर्ष कसं जातं ते माहीत नसतं. निघताना सून आम्हाला पायवाटेपर्यंत सोडायला आली. बायकोला म्हणाली, “वहिनी, मला हितं कोन तरी विचारायला येतात. काठ बांधून दे म्हणून. तिकडं मी कोन?” तेवढंच. मग परत फिरली.

बायकोने वाडीत एकदा नुसतं परदेशी गिऱ्हाईक बघते म्हटलं होतं; त्या दिवसापासून आमच्या घरात परदेशी काम हा एकच शब्द. आणि ते काम आलंही. परदेशातली एक बाई, हाताने केलेल्या वस्तूंचं छोटंसं दुकान चालवणारी, इंटरनेटवर आमची सुपं बघून व्हिडिओवर आमच्याशी बोलायला लागली. ती सुपं तिला भिंतीवर टांगायला हवी होती. हॉटेलवाले घेतात म्हणे. पहिली खेप नीट पोचली तर दर हंगामाला तितकीच मागवणार होती. मी माझ्या नाटकी इंग्रजीत तिचे आभार मानले. इतके मानले की बायकोने कॅमेरा बंद केला. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं.

“भितीवर?” ती म्हणाली. “मंग पाकडनार कशात?”

“ते पाखडत नाहीत, मावशी.”

“मंग भात कसा खातात?”

“ते भात फार खात नाहीत.”

मावशीच्या चेहऱ्यावर त्या बाईबद्दल इतकी कणव आली की मला वाटलं ती आता डोळ्याला पदर लावते.

पावसाळाभर वाडीत काम चाललं. चुलीच्या वर माळ्यावर बांबू सुकवायचा, पात्या काढायच्या, विणायचं. सून सकाळी भात लावायला, दुपारपासून काठ बांधायला. आम्ही दर आठवड्याला जायचो. मी बायकांना नाटकातले प्रवेश करून दाखवायचो, मरायचो, परत उठायचो. त्या खिदळायच्या आणि विणायच्या. खरं सांगतो, इतका आनंद मला कधी वेशभूषा अंगावर असतानाही मिळाला नव्हता. बायकोच्या हाताला बांबूच्या कुसळांनी चिरा पडल्या, त्या ती शाळेतल्या पोरीसारखी आम्हाला अभिमानाने दाखवायची. सगळ्यांत शेवटचं सूप सुनेने ओट्यावर ठेवलं आणि कंबर सरळ करत उठली, तेव्हा मावशी तिला शिवी न घालता नुसती बघत राहिली. तेवढ्यात मला वाटलं, झालं. हे आता कोणी मोडू शकत नाही.

माल भरायचा दिवस गणपतीच्या जरा आधी आला. वाडीत घरोघरी गौरीची तयारी. नुकतंच लग्न झालेल्या एका पोरीचा ओवसा होता, तर तिच्या माहेरचे लोकही सुपं न्यायला आले होते. त्या गडबडीत आम्ही खोके, कागद, चिकटपट्टी घेऊन पोचलो. बायको ओट्यावर उभी राहिली. तिच्या आयुष्यातलं ते एकमेव भाषण, आणि मी साक्षीदार आहे, ते फार सुंदर होतं.

“बायांनो,” ती म्हणाली, “ही सुपं आता परक्या मुलखात चालली. लेक पहिल्यांदा सासरी जाते ना, तशी जाणार. कुठे खरचटता कामा नये, कुठे ओल लागता कामा नये. आपल्या लेकीची पाठवणी करतो तशी माया करून बांधा.”

मी टाळ्या वाजवल्या. मावशीनेही मान डोलावली, गंभीरपणे, शपथ घेतल्यासारखी.

मग बायकोने पिशवीतून छोटी पांढरी पुडकी काढली. ओल शोषणारे दाणे असतात ते, परदेशी बाईने मुद्दाम सांगितले होते. प्रत्येक सुपात एक पुडकं ठेवायचं होतं.

मावशीने एक पुडकं हातात घेऊन हलवलं. आत खुळखुळलं. “ह्यो दाना कसला?”

“ओल ओढून घेतो. सुपात ठेवायचा.”

“खायचा?”

“अहो नाही. वर लिहिलंच आहे, खाऊ नये म्हणून. पोटात गेला तर त्रास होईल.”

मावशीने सुनेकडे बघितलं. सुनेने मावशीकडे बघितलं. मला वाटलं त्यांना समजलं. समजलंच होतं.

चिकटपट्टी अर्ध्यात संपली. बायको आणि मी लांज्याला गेलो, रिळं घेतली, आणि पावसाची सर आली म्हणून हॉटेलात चहा-भजी घेत बसलो. परत आलो तर बायकांनी एकेक सूप कागदात गुंडाळून, सुतळीने आवळून, खोक्यांत रचून ठेवलं होतं. खोक्यांवर हळदीकुंकवाची बोटं होती. बायकोचे डोळे भरून आले. मला म्हणाली, बघ, शिकवावं लागत नाही यांना काही. संध्याकाळी टेम्पो आला. टेम्पो निघाला तेव्हा मावशीने कोपऱ्यात तोंड फिरवून डोळे पुसले, आणि मी, नाटकातला माणूस, मनात म्हटलं, याला म्हणतात उत्स्फूर्त अभिनय.

तो अभिनय नव्हता.

माल समुद्रातून जातो, त्याला फार दिवस लागतात. गणपती गेले, दसरा-दिवाळी गेली, आणि एक दिवस त्या बाईने कळवलं की माल दुकानात आला आहे, तुमच्यासमोर पहिला खोका उघडते. आता ही संधी मी सोडीन? मी दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या. टीव्हीला लॅपटॉप जोडला. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको, समोरची मंडळी, सगळ्यांना बोलावलं. पोहे केले. मावशी आणि सून नातीला घेऊन एसटीने आल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. मावशीला मी पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली. सून मागे भिंतीला टेकून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. मी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे, बघ आता. तिने हसू दाबलं. तिचं हसू मी पहिल्यांदाच बघत होतो.

पडद्यावर ती परदेशी बाई आली. हातात कात्री. आम्ही टाळ्या वाजवल्या, तिने हात हलवला. कात्रीने खोका कापला. वरचं पुडकं उचललं, सुतळी सोडली, कागद उलगडला.

आधी काहीतरी उडालं. बारीक, करड्या रंगाचं. मग दिसलं सूप. काठ अगदी सरळ, सुनेच्या हातचा. पण मधलं विणकाम काळं-हिरवं पडलेलं, जागोजागी बुरशी. आणि त्याच्या मधोमध एक वाळून तपकिरी झालेलं मोठं पान, उघडं पडलेलं, आणि त्यात तांदूळ. तांदळाचा तो ढीग हलत होता. पोरकिडे, धान्याला लागतात ते.

“बगा,” मावशी खुर्चीतून पुढे वाकून आनंदाने म्हणाली. “हळदीचा पान. तसाच पोचला.”

“वा, फारच कलात्मक,” मुख्याध्यापक म्हणाले. त्यांची नजर अधू आहे.

पडद्यावरच्या बाईने सूप टेबलावर टाकलं, कोणालातरी हाक मारली, आणि चित्र गेलं. टीव्हीवर आमच्याच घराचं धूसर प्रतिबिंब दिसायला लागलं, खुर्च्या आणि पोह्यांच्या बशा धरलेली माणसं.

“मावशी,” बायकोने विचारलं. तिचा आवाज वर्गात मुलांना विचारतात तसा शांत होता. “सुपात काय ठेवलं होतं?”

“तांदूळ. घरचा. मूट-मूट. ओल लागू नये म्हणून हळदीच्या पानात बांदला. ताजी पाना काडून आनली होती पोरींनी.”

“पण का?”

मावशीला प्रश्नच कळेना. “का म्हंजी? सासरी सूप रिकामा धाडतात?” मग थोडी नाराज होऊन म्हणाली, “आन तुमी तर त्यात न खायचा दाना घातलाव, वहिनी. त्या बायनं कागद सोडला नि पयला त्योच बगला, तर काय म्हनल ती? म्हटला, वर मूटभर तांदूळ तरी असू दे. ती बाय भात खात नाय, तर निदान बगल तरी.”

समोरची मंडळी हसली. मुख्याध्यापकही हसले. आणि माझीही फसगत झाली, मीही हसलो, कारण इतका निर्दोष संवाद मला उभ्या जन्मात कोणी लिहून दिला नव्हता. पोहे संपेपर्यंत खोलीत हसण्याची लाट होती. मावशीही त्यात सामील झाली. तिला वाटलं कार्यक्रम चांगला झाला.

फक्त भिंतीशी उभी असलेली सून हसली नव्हती. तिने बायकोच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, “सगळ्या खोक्यांत तसाच असल ना वहिनी?”

“असेल,” बायको म्हणाली.

सुनेने मुलीचा हात धरला आणि तिच्या हातातली बशी काढून स्वयंपाकघरात नेऊन धुवून ठेवली. इतरांच्याही बशा गोळा करून धुतल्या. आम्ही नको नको म्हणत राहिलो.

पुढचं सांगण्यात काही गंमत नाही, म्हणून लवकर सांगतो. ती बाई भली होती. तिने एकही वावगा शब्द काढला नाही, आणि तेच वाईट होतं. किडे तिच्या गोदामातल्या बाकीच्या मालात गेले होते. तिथल्या नियमाप्रमाणे आमची सगळी सुपं तिला जाळावी लागली, आणि तिचा बराचसा दुसरा मालही. पुन्हा आमच्याकडून काही मागवायचं धाडस आपल्याला होणार नाही, असं ती म्हणाली आणि माफी मागितली. तिने आमची माफी मागितली.

आम्ही वाडीवर जाऊन सांगितलं. मावशी ऐकत होती. “जाळली?” तिने विचारलं.

“हो.”

“सगळी?”

“सगळी, मावशी.”

“येक तरी ठेवलान असल कुनी.”

“नाही.”

ती उठून आत गेली. परत आली ती म्हणाली, माज्या हातान झाला ह्या. बायको म्हणाली, छे, लेकीसारखी पाठवणी करा म्हणून मीच सांगितलं. मी म्हटलं, आणि टाळ्या मी वाजवल्या, मुख्य आरोपी मी. वाडीतल्या बायका म्हणाल्या, पाना तर आमी आनली. सगळे जण एकमेकांच्या हातातून दोष ओढून घेत होते, लग्नात बिल देण्यावरून मारामारी होते तसे. सून ओट्याच्या टोकाला बसून जुन्या सुपाचा निसटलेला काठ पुन्हा ओवत होती. तिने दोष ना मागितला, ना कोणाला दिला.

बायकोने खूप धडपड केली. मुंबईच्या, पुण्याच्या, बंगळूरच्या दुकानांना फोन केले. नमुने पाठवले, रिकामे. कोणी म्हणालं भाव जास्त आहे, कोणी म्हणालं पुढच्या दिवाळीला बघू, कोणी फोनच उचलला नाही. त्या पिवळ्या दिव्याच्या दुकानाच्या माणसानेही सांगितलं की त्याचा सप्लायर आता हे यंत्रावर करून देतो. मी विनोद करत राहिलो. मला दुसरं येत नाही. पण आमच्या स्वयंपाकघरात माझे विनोद जिथे पडायचे तिथेच पडून राहायला लागले, कोणी उचलायचं नाही. एका दुपारी मी तिला हसवायला दुसऱ्या अंकातलं माझं सर्वांत गाजलेलं मरण करून दाखवलं. जमिनीवर पडलो, डोळे फिरवले, शेवटचा श्वास सोडला. ती माझ्यावरून पाय टाकून पाणी प्यायला गेली.

सून मात्र हिवाळाभर काठ बांधत राहिली. कोणी मागितलं नव्हतं. सुपं माळ्यावर रचून ठेवली होती, छपराला लागली. आम्ही गेलो की बायको म्हणायची, अगं थांब आता, विकली जाईपर्यंत. ती म्हणायची, हात मोकळा बसत नाय वहिनी. मावशीने तिला शिव्या घालणं सोडून दिलं होतं. मला ते ऐकू येईना म्हणून फार चमत्कारिक वाटायचं. जसं एखाद्या नाटकात पार्श्वसंगीत बंद पडलं की नटांच्या पावलांचे आवाज येऊ लागतात. मावशी काठ बांधणाऱ्या सुनेच्या शेजारी बसून बघायची, स्वतः एकदा ओवून बघायची, पाती बोटात जायची, आणि ती बोट तोंडात धरायची.

शिमगा आला. मुलगा आला. त्याने आमच्याकडे बघितलं नाही, आणि त्याचा त्यात काही दोष नव्हता. पालखी आली, घरात नाचवली, सून पालखीपुढे ओटी घेऊन उभी राहिली तेव्हा तिने देवाकडे काय मागितलं कोण जाणे. मागायची मुदत तर संपली होती.

आम्ही गाडी घेऊन गेलो, त्यांना लांज्याच्या स्टँडवर सोडायला. एवढं तरी करावं असं वाटलं. मावशी आली नाही. म्हणाली, कोंबड्या उघड्या हायत. कोंबड्या खुराड्यात होत्या, आम्हाला दिसत होत्या. तिने नातीला मांडीवर घेतलं, तिचे केस विंचरले, परत विस्कटले, आणि आत निघून गेली. सून उंबऱ्यातून आत हाक मारत होती, “आये. आये, निघालू गो.” आतून फक्त भांड्याचा आवाज आला.

स्टँडवर मुंबईची गाडी अजून लागायची होती. मुलगा पिशव्यांपाशी उभा होता. नात शेंगदाणे खात होती. बायको सुनेचा हात धरून सारखी बोलत होती. तिची ती सवय आहे, वाईट झालं की ती बोलते. मीही तिच्या मदतीला आलो. आम्ही दोघांनी मिळून तिथे, त्या डिझेलच्या वासात, नवीन धंदा उभा केला. करवंटीचे दिवे. काथ्याच्या टोपल्या. बायको म्हणाली, काथ्याच्या टोपलीला पण काठ लागतो, तेव्हा तुला बोलावून घेऊ, पुढच्या पावसाळ्यात, बघ तू. मी म्हटलं, उद्घाटनाला तुलाच बोलावू, तू फीत काप, मी एक गंभीर घोषणा करीन. मी घोषणेचा आवाजही काढून दाखवला. गाडीची वाट बघणारी दोन-चार माणसं वळून हसली. नातही हसली. सून ऐकत होती, मान हलवत होती, जशी पाती दातांत धरून सासूचं ऐकायची.

गाडी लागली. मुलगा पिशव्या घेऊन आधी चढला, मग नातीला वर घेतलं. सुनेने एक पाय पायरीवर ठेवला. बायको अजून तिचा हात सोडत नव्हती, म्हणत होती, नाव पण सुचलंय मला, नवीन नाव, अगदी वेगळं.

कंडक्टर म्हणाला, चला, आत व्हा.

सुनेने हात सोडवून घेतला. इतक्या दिवसांत जिचा आवाज आम्ही कधी वर गेलेला ऐकला नव्हता, ती सगळ्या स्टँडला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली. “तुमी दोगं दुसरा कायतरी काडाल वो वहिनी. माज्या हातात येवडा येकच काम होता.”